खांबाखाली काहीच सापडलं नाही

ते चार खांब मी उभे केले. तसं बघितलं तर माझ्या हाताखालची सात माणसं होती, क्रेनवाला होता, पण खांब ओळंब्यात आहे की नाही हे बघणारा डोळा माझा होता. म्हणून मी उभे केले असंच म्हणणार. एकेक खांब चाळीस फुटी. वर तीन पात्यांचा पंखा, वाऱ्यावर फिरून वीज करणारा. खाली काँक्रीटमध्ये गाडलेले आठ बोल्ट आणि त्यावर बसवलेली जाड लोखंडी प्लेट. पहिला पंखा फिरला त्या दिवशी साहेबांनी नारळ माझ्या हातात दिला. इंजिनिअर लोक मागे उभे, आणि नारळ फोडणारा चौथी शिकलेला. ती चौथीसुद्धा परीक्षा न देता.

हे काम गच्चीबावलीच्या पुढे. समोर काचेची मोठी कचेरी, मागे खडक. हैदराबादचे खडक ज्यांनी बघितलेत त्यांना मी काय सांगू. घराएवढे धोंडे एकावर एक बसलेले, आता पडेल की मग पडेल असे वाटणारे, आणि पडत कधीच नाहीत. आजूबाजूच्यांनी आपापले खडक सुरुंग लावून उडवले. आमच्या साहेबांनी ठेवले. कारण ही हिरवी इमारत. रंगानं नाही हो, दाखल्यानं. तसा दाखला मिळतो आणि त्याला मार्क असतात. आपली वीज आपण केली की मार्क. जागेवर आधीपासून राहणारी झाडं, खडक, जीवजंतू सांभाळले की वेगळे मार्क. साहेबांना दोन्हीकडचे पाहिजे होते. मी शाळेत कधी मार्कांची काळजी केली नाही, ती सत्तरीनंतर इमारतीची करायची वेळ आली.

खांब झाल्यावर साहेबांनी मला ठेवूनच घेतलं. सफाई, बगीचा, मागचं गेट, सगळं माझ्या अंगावर. खडकाच्या बाजूला दुसरी इमारत निघणार होती आणि खडकाच्या कडेकडेनं आणखी सहा खांब. साहेब तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचे, हाक मारताना मात्र पुढं 'गारू' लावायचे, आपल्याकडच्या 'राव'सारखं. म्हणाले होते, "मेस्त्री गारू, वो छे भी आपके हाथ से." मी घरी बायकोला कबूल केलं होतं, ते सहा झाले की घरी बसतो. चार खांबांची काय ओळ होती? दहा झाले असते तर मोठ्या रस्त्यावरून दिसले असते. माझ्या हातचं शेवटचं काम, आणि लांबून दिसणारं. मला ते पाहिजे होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते कशापायी केलं हे कुणाला विचारावं लागणार नाही.

पण नवे सहा उभे राहायच्या आधी तपासणी होती. पंख्यांच्या पात्यांनी पक्षी, वाघळं मरतात का, मरत असतील तर किती, हे दोन महिने बघायचं. त्यासाठी एक मुलगी आली. पुण्याची, इथं कोंडापूरला भाड्यानं राहणारी. पंचविशीची असेल. पाठीवर पिशवी, पायात मोठे बूट. मी मराठी बोलतो हे कळल्यावर तिला काय आनंद झाला!

"अय्या, काका, तुम्ही मराठी? मग तर माझं कामच सोपं झालं."

सोपं झालं नाही. ते मीच होऊ दिलं नाही.

तिनं मला एक कागद दिला. इंग्रजीत टाइप केलेला. "हे नीट वाचून घ्या काका, फार इम्पॉर्टंट आहे. सफाईवाल्यांनाही सांगा."

मी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मला नकाशा वाचता येतो, त्यात आकडे असतात. मीटर वाचता येतो. मराठी वाचतो, लिहितोही, हे मीच लिहितोय. इंग्रजी येत नाही. पण चाळीस वर्षं या शहरात मी इंग्रजी कागदाकडे बघून मान हलवत आलोय आणि माझा एकही खांब वाकडा गेलेला नाही. मी घडी घालून कागद खिशात ठेवला. म्हटलं, "वाचलं."

"म्हणजे बघा, मेन मुद्दा असा की खांबाखाली..."

"बाई, वाचलं म्हटलं ना? परीक्षा घेता का माझी?"

ती गोरीमोरी झाली. मग म्हणाली, "सॉरी. मला रोज सकाळी सहाला आत सोडाल का? उजाडता उजाडता बघावं लागतं."

"आठच्या आधी बाहेरच्या माणसाला गेट उघडत नाही. नियम आहे."

नियम माझाच होता. त्याचं कारण असं की सकाळची वेळ आमच्या झाडलोटीची. आमच्याकडे, उदगीरच्या पलीकडे, सूर्य उगवायच्या आत अंगण झाडून सडा पडलेला पाहिजे. दिवस केरावर उगवला तर त्या घरात काही खरं नाही. माझ्या आईनं एक दिवस चुकवला नाही, मग मी कसा चुकवू देईन? कंपनीची गाडी साडेचारला सफाईच्या बायकांना घेऊन निघायची, वाटेत मला बरकतपुऱ्याच्या नाक्यावर घ्यायची. साडेपाचला खराटे सुरू. उजाडेपर्यंत सगळं आवार, चार खांबांच्या खालच्या फरशीसकट, असं लखलखीत की साहेबांनी पाहुण्यांना मुद्दाम दाखवावं. परक्या माणसानं ओल्यावरून बूट नाचवलेले मला चालायचे नाहीत.

बायकांत एक म्होरकी होती. महबूबनगरकडची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण जीभ माझ्यापेक्षा म्हातारी. आमचं बोलणं हिंदीत, तिच्या तेलुगूत बुडवलेल्या. सकाळी कधीमधी ती टोपली तिरकी करून दाखवायची. "मेस्त्री, गब्बिलम." म्हणजे वाघूळ. लहानशी, मुठीत मावेल एवढी; आमच्याकडे पाकोळी म्हणतात तसली. मी म्हणायचो, गाड दे, ऊपर चूना डाल. बगीच्याच्या मागे खड्डा होता, तिथं ती पुरायची. मेलेला जीव उगवत्या दिवसासमोर पडू देऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात.

आता विचाराल, ती मुलगी तेच शोधत होती हे मला कळत नव्हतं का? कळत होतं आणि नव्हतंही. मला वाटायचं, ती घारी-घुबडं शोधतेय. पाकोळ्यांचं काय, त्या कुठंही मरतात. आणि तिचं काम शोधायचं, माझं काम झाडायचं. तिला सापडत नसेल तर त्यात माझा काय दोष? माणूस स्वतःला किती सफाईनं फसवतो. खराटाही लागत नाही.

ती रोज आठला यायची. खांबाखाली दोऱ्या लावून एका सरळ रेषेत चालायची, मान खाली, जणू कुणाची कुडी हरवलीय. एका खांबाखाली अर्धा अर्धा तास. मग वहीत लिहायची.

"काय सापडलं बाई?"

"काहीच नाही, काका. झीरो."

मी मिशीतल्या मिशीत हसायचो. शून्याला मी माझ्या खांबांची शाबासकी समजत होतो.

महिनाभरानं एकदा ती संध्याकाळी थांबली. मला म्हणाली, गाडीला वेळ आहे ना, या, एक गंमत दाखवते. मी गेलो. खडकात दोन धोंड्यांच्या मधे एक उभी भेग आहे, हात जाईल एवढी रुंद, खोल मात्र किती ते कुणास ठाऊक. तिनं पिशवीतून रेडिओसारखी एक डबी काढली. म्हणाली, "यांचा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. ही डबी ऐकवते."

सूर्य टेकला. डबी गप्प. मग एकदम टक, टक, टकटकटक, जोंधळे तव्यावर पडल्यासारखं. आणि भेगेतून एक काळा ठिपका सुटला, मग दुसरा, मग धारच लागली. पाकोळ्या डोक्यावरून जात होत्या पण एकही आपटत नव्हती. वर्षभर मी त्या जागी उभा होतो, मला त्या भेगेत कुणी राहतं हे ठाऊक नव्हतं.

"कुठं जातात या?"

"किडे खायला. तुमच्या कचेरीच्या दिव्यांवर जे किडे येतात ना, ते. तुमच्या इथं डास कमी आहेत, माहितीये?"

हे खरं होतं. मी त्याचं श्रेय आमच्या झाडलोटीला देत होतो.

"वारा जोरात असला की या बाहेर पडत नाहीत फारशा," ती म्हणाली. "वारा पडला की निघतात."

तेव्हा मला दिसलं. धार खडकातून निघून थेट चौथ्या खांबाकडे जात होती. वारा मंद होता, पंखा सावकाश फिरत होता. जाण्याच्या वाटेतच मी तो खांब रोवला होता. गाडीचा हॉर्न वाजला, मी निघालो. गाडीत ती म्होरकी म्हणाली, "क्या हुआ मेस्त्री, मुँह काय को उतरा?" मी म्हटलं, दात दुखतोय.

मग आली सर्वपित्री अमावास्या. इकडे त्या दिवसापासून बतुकम्मा सुरू होते, बायकांचा फुलांचा सण. आमच्या बायका आदल्या दिवशीच खडकाच्या बाजूची तरवडाची पिवळी फुलं तोडून नेत होत्या. अमावास्येच्या पहाटे मी मागच्या गेटपाशी चहा पीत होतो आणि खांबांकडून किंकाळी आली.

"अय्यो मेस्त्री! जल्दी आओ! कोई करके रखे!"

मी धावलो. धावलो म्हणजे या वयात जे जमतं ते. चौथ्या खांबाखाली फरशीवर कोंबडीची तीन मेलेली पिल्लं. तिसऱ्याखाली तीन. दुसऱ्याखाली दोन, पहिल्याखाली दोन. प्रत्येकाच्या पायाला लाल दोरा. अमावास्येला!

आमच्या मुलखात काय आणि यांच्या मुलखात काय, बाणामतीचं, करणीचं भय सारखंच आहे. बायका खराटे टाकून लांब जाऊन उभ्या राहिल्या. म्होरकी म्हणाली, आज हात लावणार नाही, पोराबाळांची आई आहे मी. मग मी पुढं झालो. पुरुषमाणूस, मेस्त्री, आणि खांब माझे. करणी असली तर माझ्यावरच असणार. मी फावड्यानं दहाच्या दहा पिल्लं गोळा केली, वर मीठ, सुक्या मिरच्या, चुना, आणि मागच्या खड्ड्याशेजारी जाळून टाकली. मिरच्यांचा असा ठसका उठला की बायका खोकून खोकून हसायला लागल्या आणि त्यांचं भय गेलं. माझं नाही गेलं. मला वाटलं, हे काम बगीच्याच्या जुन्या ठेकेदाराचं. त्याला मीच साहेबांना सांगून काढायला लावलं होतं. तिथूनच त्याला फोन लावला आणि दोन शिव्या दिल्या. तो बिचारा झोपेतून उठलेला. "काहून ओ मामा? काय केलं मी?" म्हणाला. मी आणखी एक दिली आणि ठेवून दिला.

आठला ती मुलगी आली. खांबाखाली गेली, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मग पुन्हा उलटी फिरली. मग फरशीच्या कडेला खालीच बसली.

"काय झालं बाई?"

"काका, काल संध्याकाळी तुम्ही गेल्यावर मी दहा पिल्लं ठेवली होती. हॅचरीतनं आणलेली, मेलेली. खूण म्हणून लाल दोरा बांधून. मेलेला जीव इथं किती दिवस राहतो हे बघायला. दहाच्या दहा एका रात्रीत गेली!"

माझ्या हाताला अजून मिरचीचा वास होता.

"मुंगूस असेल," ती म्हणाली. "नाहीतर कुत्री. पण मग माझे सगळे झीरो खोटे असणार ना? पडत असतील, आणि मी यायच्या आत कुणीतरी नेत असेल. आता ते सिद्ध कसं करू? सोमवारी मीटिंग आहे. ते म्हणणार, दोन महिन्यांत शून्य, म्हणजे शून्य. सहा खांब खडकाच्या कडेला लावून टाका." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती भेग रिकामी होईल, काका. एक वर्ष, दोन वर्षं. कुणाला कळणारही नाही."

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "मुंगसं लई आहेत इथं."

सत्तर वर्षांत मी खोटं बोललोच नाही असं नाही. पण या खोट्यानं मला कामाला हात लावू दिला नाही.

दुपारी लवकर घरी गेलो. माझी बायको काचीगुड्याच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. हे मी कुणाला सांगत नाही आणि माझे कागद तिला वाचू देत नाही. त्या दिवशी मी खिशातून तो कागद काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

"हा होय," ती म्हणाली. "हा मी तीनदा धुण्यातनं काढून ठेवलाय. मला वाटलं नवस आहे का काय, रोज खिशात घालून जाता."

"वाच."

तिनं चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून वाचलं. बऱ्याच गोष्टी होत्या, तिसरी ओळ तिनं दोनदा वाचली. "खांबाखालची जागा तपासणीच्या आधी झाडू नये. मेलेला कोणताही जीव दिसला तर हात लावू नये, जागेवर राहू द्यावा."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"झाडलं."

"किती दिवस?"

"रोज."

तिनं कागदाची घडी घातली. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. "त्या पोरीला काय म्हणालात? वाचलं म्हणालात?"

"हं."

"लग्नात माझ्या बापाला पण असंच म्हणाला होतात. सातवी झाली म्हणून." ती उठून चहा ठेवायला गेली आणि आतून म्हणाली, "उद्या जाऊन सांगा. तुमच्या सहा खांबांचं काय व्हायचं ते होऊ दे. आणि सांगताना आवाज चढवू नका. चूक असली की तुमचा आवाज चढतो."

दुसऱ्या दिवशी मी गेट सातलाच उघडून ठेवलं. मुलगी आठला आली, उघडं बघून चकित झाली. मी म्हटलं, "चला माझ्यासंगं." बगीच्याच्या मागे म्होरकी फावडं घेऊन उभी होती. तिला मी विचारून ठेवलं होतं, कितने गाडे? ती म्हणाली होती, मेस्त्री, मैं क्या गिनके गाडी?

मी मुलीला म्हटलं, "तुमचं शून्य इथं आहे. या खड्ड्यात."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. झाडलोटीचं, टोपलीचं, चुन्याचं. पिल्लांचं सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात घेतला. "बाणामती?" आणि एकदम हसली. आणि त्याच हसण्यात तिला राग आला, तो चेहऱ्यावर चढताना मी बघितला.

"पण काका, मी लिहून दिलं होतं! तुम्ही वाचलं म्हणालात!"

आवाज चढवायचा नव्हता. मी खाली बघून म्हटलं, "इंग्रजी येत नाही मला."

म्होरकी शेजारीच होती. मराठी तिला कळत नाही, पण हे कळलं असावं. ती फावड्याचा दांडा पदरानं पुसत बसली.

मुलगी खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली. मग म्हणाली, "मीच मराठीत लिहायला पाहिजे होतं. तुम्ही मराठी बोलता हे पहिल्याच दिवशी कळलं होतं." थोड्या वेळानं, "मला लिहायला लाज वाटते. इंग्लिश मीडियम. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकतं. आजी हसायची." मग तिनं बाह्या सरसावल्या, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "खणा."

आम्ही हळूहळू खणलं. पुढचं काम तिचं. चिमट्यानं ती एकेक कवटी उचलून पांढऱ्या कागदावर मांडत होती. पाकोळीची कवटी हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, तिला दात असतात, ते मी पहिल्यांदा बघितले. एकोणीस भरल्या. एक मोठी निघाली, चोचीची. पिंगळा. म्होरकीनं तो मला न दाखवताच पुरला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, उल्लू का मुँह सुबे सुबे तुमकू दिखाऊँ? बाळंतिणीच्या खोलीत पुरुष सापडावा तसा मी त्या बायकांमधे अवघडून उभा होतो, पण हललो नाही.

सोमवारच्या मीटिंगला तिनं मलाही आत नेलं. थंड खोली, काचेचं टेबल. मी म्हटलं, मी बाहेर बसतो. ती म्हणाली, नाही काका, हे तुम्हीच सांगायचं, मी सांगितलं तर चुगली होईल. मग मी साहेबांसमोर हिंदीत सगळं सांगितलं. साहेब टेबलावर पेन आपटत ऐकत होते. त्यांच्याजवळ बसलेल्या एका सुटातल्या माणसानं विचारलं, "खड्डे में और भी कारण से मरे हुए होंगे ना?" मुलीनं मोडलेली पंखांची हाडं दाखवली.

साहेब म्हणाले, "मतलब पंखे निकाल दूँ क्या? बिजली के मार्क जाते. रखूँ तो जीवों के जाते. क्या करूँ बोलो."

रागानं नाही, खरंच विचारत होते. हा माणूस खडक वाचवण्यासाठी पार्किंग लहान करून घेतलेला, मला ठाऊक होतं.

मुलगी म्हणाली, मंद वाऱ्यात, सूर्यास्तानंतरचे काही तास पंखे थांबवता येतील. जगात असं करतात. पण वीज किती कमी होईल हे तिला इथलं सांगता येत नव्हतं. सुटातला माणूस म्हणाला, डेटा नहीं है.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मेरे पास है. रोज संध्याकाळी पाच वाजता आणि सकाळी आल्या आल्या मी मीटर वहीत उतरवत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. माझे पंखे किती कमावतात हे मला बघायचं असायचं. रात्री वारा कसा होता तेही राखणदाराला विचारून लिहायचो, मराठीत: पडलेला, मंद, बरा, सणसणीत. वही गेटवरून आणवली. ज्या रात्री वारा मंद, त्या रात्रीचे आकडे बघितले तर जवळपास काहीच नाही. मंद वाऱ्यात पंखा फिरतो तो फक्त दिसायला. कमाई सणसणीत वाऱ्याची, आणि तेव्हा पाकोळ्या भेगेत बसलेल्या.

सुटातल्या माणसानं वही उलटी धरून विचारलं, "ये क्या लिखा है?"

मी म्हटलं, "मराठी." जरा आवाज चढला असेल.

मुलगीच वाचून दाखवायला लागली. अडखळत. "सणसणीत"ला तिनं मला विचारलं.

ठरलं ते असं. तीन पंख्यांना सूर्यास्तानंतर मंद वाऱ्यात आपोआप थांबायची कळ बसवायची. खडकाच्या कडेला नवे सहा लावायचे नाहीत. रस्त्याच्या बाजूला लावता येतात का, ते वर्षभर नीट तपासून मग बघू. आणि चौथा खांब काढायचा.

साहेब मला बाहेर सोडायला आले. त्यांना ते करायची गरज नव्हती. म्हणाले, "मेस्त्री गारू, आपका काम तो आपनेच उड़ा दिया."

"एक तो बाकी है ना साब," मी म्हटलं. "उतारने का."

वर्षभर तपासून मग बघू म्हणजे माझ्यासाठी नाहीच. पंचाहत्तरीला मला क्रेनखाली कोण उभं करणार? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. जुन्या ठेकेदाराला फोन केला, शिव्या परत घेतल्या. तो म्हणाला, मामा, परत घेऊन काय करू, एखादं काम असलं तर सांगा. त्याला परत बगीचा देववला.

खांबाखालचं झाडायचं आता सकाळी सात वाजता, मुलगी उजाडताच बघून गेल्यावर. पहिल्या दिवशी फरशीवर पानं पडलेली, आणि त्यावर सूर्य उगवला. मी तिकडे पाठ करून उभा राहिलो. म्होरकी म्हणाली, "क्या मेस्त्री, तुम्हारी माँ देखती तो?" मी म्हटलं, माझ्या आईला इंग्रजी कागद कुणी दिला नव्हता.

दिवाळीनंतर चौथा खांब उतरवला. चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. चढवताना सगळे हात लावायला येतात, उतरवताना कुणाला घाई नाही आणि कुणाला उत्साह नाही. पण माझी माणसं आली, तीच जुनी सात. मुलगी डोक्यावर टोपी घालून बघायला आली आणि क्रेनला टांगलेल्या लोडखाली उभी राहिली. मी असा ओरडलो की सगळं आवार थांबलं. "पोरी, मरायचंय का? हो तिकडे!" ती पळाली. पहिल्यांदाच तिला पोरी म्हटलं, ते नंतर लक्षात आलं.

एकेक नट सोडवला. वरून पंखा आला, मग खांब आडवा झाला, ओरखडासुद्धा नाही. गाडीवर चढवून नेला. जागेवर काँक्रीटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले आठ बोल्ट राहिले. ते काढता येत नाहीत. संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसून प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावलं, वर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या.

मुलगी डबी घेऊन खडकाकडे निघाली होती. थांबून म्हणाली, "काका, इथं आता काहीच लागणार नाही. मग ग्रीस कशाला?"

मी म्हटलं, "उघडा बोल्ट मला बघवत नाही."